जिथं मास्तर, तिथं आपला वर्ग

ज्या दिवशी मी कॉलेजसाठी नाशिकला निघाले, त्या दिवशी आमचा अर्धा पाडा नाशिककडून परत येत होता. पेठच्या स्टँडवर एस.टी. लागली आणि दारातून एकेक ओळखीचा चेहरा उतरू लागला. डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं, काखेत पातेलं, कुणाच्या हातात पाय बांधलेली कोंबडी. भात कापून दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि पेरणीच्या आधी परततात. याला आमच्याकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. ते सगळे जगून परत आले होते आणि मी बारावीचा निकाल पत्र्याच्या पेटीत घालून त्याच बसमध्ये चढले. सीट अजून गरम होती.

शेजारची काशीमावशी खिडकीखाली येऊन म्हणाली, “आगं, हंगाम तर संपला. आता तू कुठं निघाली?”

“कॉलेजला,” मी म्हणाले.

“तिथं काय काम ऱ्हातं?”

उत्तर माझ्या बानं दिलं. बा आणि आई आठवडाभर आधीच बागेतून परतले होते, आणि बा मला पोचवायला पेठपर्यंत आला होता. तो म्हणाला, “बसायचं काम हाय तिथं. हिला लय जड जाणार.” सगळे हसले. त्यात खोटं काही नव्हतं. हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं हिला पाठवली, असं आई येता-जाता म्हणायची.

मला रडू वगैरे आलं नाही, उगाच कशाला लिहू. घर मी सहाव्या वर्षीच सोडलं होतं. जूनमध्ये आश्रमशाळेत जायचं, दिवाळीला थोडे दिवस घरी यायचं, मग आईबा बागेत आणि मी पुन्हा शाळेत. उन्हाळा संपता संपता सगळे पुन्हा भेटायचे. घर म्हणजे सुट्टी, एवढंच मला ठाऊक होतं. सावळघाटात बस वळणं घेऊ लागली तेव्हा मागं वळून बघावंसं वाटलं नाही. पुढचं कधी दिसतंय, एवढीच घाई होती.

परदेशी गेलेल्यांच्या आठवणी लोक कौतुकानं वाचतात. एका एस.टी.च्या अंतरावर गेलेल्या बाईनं आठवणी काढाव्यात की नाही, याची मला बरीच वर्षं लाज वाटत होती. आता वाटत नाही. तुम्ही जे पाड्यावर राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे सातपूर, सिडको, पुणं करत कुठंतरी टेकलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. टेकलात का, हेही खरं तर विचारायचं आहे.

तर कॉलेज. माझं नाव लागलं होतं एफ.वाय.बी.ए.ला. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल वगैरे. विद्यापीठ पुण्याला, आम्ही नाशकात. त्याचं नाव फक्त परीक्षेच्या वेळी ऐकू यायचं. वर्गात दीडशे पोरं आणि तास मात्र निम्मे. फळ्यावर लिहिलेलं असायचं, ‘आज तास होणार नाही’. नाशिकची पोरं ते वाचून आनंदानं कॅन्टीनला जायची. मी शेजारच्या वर्गात जायची.

यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण आश्रमशाळेची रीतच ती होती. आमच्याकडे मास्तर नेहमीच कमी. सातवीचे मास्तर मीटिंगला गेले की सातवी उठून आठवीत जाऊन बसायची. आठवीचेही नसले तर दोन्ही वर्ग दहावीत. कुणाला विचारायचं नसायचं. जिथं मास्तर, तिथं आपला वर्ग. कॉलेजातही तसंच असणार असं मी धरून चालले. मास्तर शिकवतायत, बाकावर जागा आहे, मग बसायला काय हरकत? शेवटच्या बाकावर कोण बसलंय हे दीडशे पोरांत कुणाला कळणार होतं!

अशा रीतीनं पहिल्या दोन महिन्यांत मी सगळं कॉलेज हिंडून घेतलं. बी.कॉम.च्या वर्गात एका कारखान्यात किती माल बनला आणि तो केवढ्याला पडला, हेच रोज चालायचं. तो कारखाना कसला, तिथं कोण राबतं, हे कधी आलंच नाही, म्हणून मी ते सोडलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात चार मुलं होती. मी पाचवी गेले तेव्हा सरांना इतका आनंद झाला की मला तिथून लवकर उठायची भीती वाटू लागली. वनस्पतिशास्त्रात मॅडम पानांची नावं लॅटिनमध्ये सांगायच्या. मला वाटायचं, त्या पानाला आमच्याकडचं नावही आहे, तेपण लिहू द्या की. संख्याशास्त्रात मी एकच तास टिकले. इंग्रजीच्या वर्गात सर स्वतःच्या आवाजावर खूश असायचे, पण त्यांचं ऐकत राहावंसं वाटायचं हे कबूल करायला हवं.

वसतिगृहात माझ्या खोलीत सुरगाण्याची हिरा होती. ती कपाळाला हात लावायची. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” ती म्हणायची. “आपला वर्ग धर आणि गाईड पाठ कर.” हिरा चांगली होती, नाकासमोर चालणारी. मला ते साधलंच नाही. आपण जिथं बसलोय त्यापेक्षा भिंतीपलीकडे काहीतरी जास्त चांगलं चाललंय, असं मला सारखं वाटायचं, अजूनही वाटतं.

मग एके दिवशी मी भूशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, तीसेक मुलं, वैद्य सर. फळ्यावर खडूनं त्यांनी एक डोंगर काढला आणि त्यावर आडव्या रेघा मारल्या. म्हणाले, हा आपला सह्याद्री. जमिनीला भेगा पडल्या, आतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला. थरावर थर. पश्चिमेला पेठ, सुरगाण्याकडे जा, तुम्हाला हे थर उघडे दिसतील.

मला राग आला. खरंच सांगते, आनंद नंतर झाला, आधी राग आला. त्या थरांवरून मी दर सुट्टीत शेळ्या हाकल्या होत्या. त्यातले पांढरे चकाकणारे खडे आम्ही पोरी फ्रॉकच्या खिशात भरून आणायचो आणि सागरगोट्यांसारखे खेळायचो. बारा वर्षं शाळेत गेले आणि पायाखालचा दगड एकेकाळी वाहत होता हे मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं हिंडणं थांबलं. बी.ए.चा तास असो वा नसो, मी वैद्य सरांच्या वर्गात.

अर्थात सापडले. तीस मुलांत लपणार कुठं? सरांनी एकदा हजेरीनंतर विचारलं, “तुमचा रोल नंबर काय?” मी बी.ए.चा नंबर सांगितला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी थांबवून घेतलं, सगळं विचारलं. मी म्हणाले, मला इकडं यायचंय. ते म्हणाले, ऑफिसात विचारून बघा, पण अवघड दिसतंय.

ऑफिसातल्या क्लार्कनं एका वाक्यात संपवलं. “बारावी आर्ट्स? मग सायन्स नाही. सायन्सवाला कधीही आर्ट्सला येऊ शकतो, उलटं नाही.”

“का?”

“का काय? नियम.”

मी आर्ट्स काही निवडलं नव्हतं. आमच्या आश्रमशाळेत अकरावी-बारावी होती ती आर्ट्सचीच. ताटात जशी आमटी पडायची तसं शिक्षणात आर्ट्स पडलं. सोळाव्या वर्षी एका शाळेत सायन्सचा मास्तर नव्हता, म्हणून आयुष्यभर दगडाचं नाव विचारायचं नाही, हा कुठला न्याय? मी प्राचार्यांकडेही जाऊन आले. ते सौजन्यानं बोलले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

वाट दाखवली ती वैद्य सरांनीच. म्हणाले, “तुमच्याकडे भूगोल आहे ना? तो एकच विषय असा आहे की आर्ट्समध्येही बसतो आणि सायन्समध्येही. एस.वाय.ला भूगोल स्पेशल घ्या. सर्व्हे मिळेल, नकाशे मिळतील, थोडे दगडही मिळतील. तोवर माझ्या तासाला येत चला. मी तुमच्याकडे बघणार नाही.” दुधाची तहान ताकावर. पण ताक तर ताक, मी म्हटलं. एक वर्ष काढायचं आणि भूगोल धरायचा, एवढं ठरलं. काहीतरी ठरवून त्यासाठी थांबून राहायची माझी ती पहिलीच वेळ होती.

आणि नेमका तेव्हाच डी.एड.ला माझा नंबर लागला.

त्या काळात डी.एड. म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षं शिकायचं आणि मास्तरीण व्हायचं, तीही सरकारी. आमच्या भागात पोरगी बारावी झाली की दुसरा विचार कुणाच्या डोक्यात यायचाच नाही. जूनमध्ये आश्रमशाळेच्या हेडमास्तरांनी बाला बोलावून माझा अर्ज भरून टाकला होता. मला वाटलं होतं नंबर लागायचा नाही, म्हणून मी विसरूनही गेले होते. भाताची लावणी उरकल्यावर नंबर लागल्याचं हेडमास्तरांनी बाला सांगितलं आणि बा दुसऱ्याच दिवशी मला न्यायला नाशिकला आला.

तो आधी बी.ए.च्या वर्गावर गेला. तिथं पोरांनी सांगितलं, “ती? ती आमच्या वर्गात नसते.” बा घाबरला. पोरगी वर्गात नसते म्हणजे असते कुठं? हा प्रश्न एका बापाच्या डोक्यात कसकसा फिरला असेल ते मला आता कळतं. शेवटी एका शिपायानं त्याला वर आणून सोडलं. मी मान वर करून बघते तर दारात बा उभा, टोपी हातात, धोतराला अजून लावणीच्या चिखलाचा डाग. सरांनी विचारलं, कोण? मी उठून म्हणाले, माझा बा. सर म्हणाले, “या बाबा, बसा. थोडाच तास राहिलाय.” आणि बा खरोखर येऊन माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसला. सर त्या दिवशी नदी डोंगर कसा कापते ते सांगत होते. बा खाली मान घालून, मांडीवर टोपी धरून ऐकत होता.

तास सुटल्यावर आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो.

“मास्तर बरा हाय,” बा म्हणाला. “पण ह्यो तुझा वर्ग नाय म्हणत्यात.”

“नाय.”

“मग तुझा कुठला?”

मी भूगोलाचं, स्पेशलचं, एस.वाय.चं सांगायला लागले. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे शिकून नोकरी लागंल?”

“माहीत नाय.”

“डीएडला नंबर आलाय. आपल्याच बाजूच्या शाळेत लागशील. पगार हाय. घरी राहशील.”

“मला घरी नाय राहायचं, बा,” मी म्हणाले.

मला म्हणायचं होतं की मला शिकायचंय. पण तोंडातून आलं ते हेच, आणि तेही तितकंच खरं होतं. बानं काही वाद घातला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडण मला जमतं. तो नुसता “बरं” म्हणाला. आईनं दिलेल्या नागलीच्या भाकरी माझ्या हातात ठेवल्या आणि दुपारच्या बसनं निघून गेला. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाला, “बसायला शिकलीस की गं.” तो चेष्टा करत होता की नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

डी.एड.ची माझी जागा रिकामी राहिली नसणार. वेटिंगवरची कुणी मुलगी तिथं गेली असेल, शिकली असेल, कुठल्याशा आश्रमशाळेत मास्तरीण झाली असेल. कधी कधी मला तिचा विचार येतो. ती माझं आयुष्य जगते आहे, आणि बहुतेक माझ्यापेक्षा नीटनेटकं.

माझं म्हणाल तर मी भूगोलात बी.ए. झाले, एम.ए. झाले. मग संगणकावर नकाशे काढायचा एक कोर्स निघाला होता, नवीन सहस्रकाची हवा होती, सगळे ‘कॉम्प्युटर, कॉम्प्युटर’ करत होते, म्हणून पुण्याला जाऊन तो केला. तिथल्या एका कंपनीत दिवसभर स्क्रीनवर कुठल्याशा परक्या शहराचे रस्ते गिरवायचे होते. जेमतेम वर्ष काढलं आणि नाशिकला परत आले. प्राध्यापकीसाठी लागते ती सेटची परीक्षा पास झाले. तेव्हापासून तासिका तत्त्वावर शिकवते आहे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार. जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये ‘धन्यवाद मॅडम’, पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच मुलाखत. बाला हे समजावून सांगितलं तेव्हा तो मनापासून हसला. “म्हंजे तूबी हंगामीच की,” तो म्हणाला. “आमचा मालक निदान राहायला खोपी तरी देतो.”

खोल्याही किती बदलल्या! आधी पंचवटी, मग सिडको, मग सातपूरला एका कामगाराच्या घरावरची खोली. खाली शिफ्ट बदलली की मोटारसायकली सुरू व्हायच्या आणि आपल्यालाही कुठंतरी निघायचंय असं वाटून मी उठून बसायची. गावी जायची ती दिवाळीत दोन दिवस आणि मे महिन्यात आठवडा. तिथं गेले की तिसऱ्या दिवशी नाशिक आठवायचं आणि नाशकात खिडकीतून डोंगराची कड दिसली की मी तिकडंच बघत उभी राहायची. अमेरिकेतल्या माणसाला परतीचं तिकीट महाग, म्हणून तो येत नाही. मला तर पेठ नाक्यावरून बस होती. तरी जाणं व्हायचं नाही, आणि त्याला काही कारणही नव्हतं.

मग एका वर्षी बाचे गुडघे गेले आणि तो व आई पहिल्यांदाच बागेत गेले नाहीत. माघ चालू होता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि बाचा फोन आला. पेठच्या बाजारातल्या एका दुकानात नाण्याचा फोन होता, तिथून.

“आंब्याला मोहोर आलाय,” तो म्हणाला.

मला वाटलं होतं काहीतरी वाईट बातमी असेल, म्हणून आधी हायसं वाटलं आणि मग चिडचिड झाली. “मोहोराचाच महिना आहे बा हा. बाकी काय?”

“मला काय ठावं? आंबा मी लावला. आंबे धा-पंधरा साल खाल्ले. मोहोर आत्ताच पायला.”

माझा लाल पेन थांबला. घराच्या दारातला आंबा. बा दिवाळीनंतर निघायचा. शिमग्याला चार दिवस यायचा तेव्हा झाडाला बारीक कैऱ्या असायच्या आणि पेरणीला परतायचा तेव्हा पिकलेले आंबे. त्याच्या लहानपणी त्याचा बा त्याला जंगलखात्याच्या कामावर, झाडं तोडायला न्यायचा, तेही याच दिवसांत. साठीला आलेल्या माणसानं आपलं अंगण माघ महिन्यात कधी पाहिलंच नव्हतं.

“म्हणून तर तुला डीएडचं म्हणलो होतो तवा,” बा म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं तो विषय कधी काढला नव्हता. “पगाराचं सोड. मला वाटायचं, आपल्यातलं एक तरी मानूस सालभर घरी राहील. आपल्यामागं घर कसं राहतं ते आपल्याला सांगंल.”

मी पेन खाली ठेवला. समोर दुसऱ्या मॅडम बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, काय झालं? मी मान हलवली.

बा घाईनं म्हणाला, “पण करमत नाय हां, पोरी. तुझी आई रोज बागेचं नाव काढती. हितं मानूस ना कानूस. तू डीएड केलं असतंस ना, दोन महिन्यांत पळाली असतीस.” आणि हसायला लागला. मीही हसले. नाणं संपलं आणि फोन तुटला.

त्यानंतर मी स्टाफरूममध्येच रडले, सगळ्यांसमोर. घर सोडल्याला मोजता येणार नाहीत इतकी वर्षं झाली होती आणि घराची आठवण मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. पायऱ्यांवर मी त्याला म्हणाले होते, मला घरी नाय राहायचं. आणि घर म्हणजे काय हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. ते कुणीतरी बघून यावं म्हणून तो मला न्यायला आला होता.

आता आमच्या पाड्यावरही मोबाईल आलाय; टेकडीवर चढलं की रेंज मिळते. बा काठी टेकत चढतो आणि फोन करतो. मी त्याला विचारते, आज घरी काय झालं? तो कुरकुरत सांगतो. पळस पेटला. विहिरीचं पाणी एक पायरी खाली गेलं. कुत्रीला पिल्लं झाली. पाड्यावर सगळी दारं बंद आहेत आणि दुपारी वारा सुटला की त्या दारांच्या कड्या वाजतात, हे मला त्याच्याचकडून कळलं. मी ऐकत राहते, मग माझ्या तासाची वेळ होते. परवा मी घाईत होते, म्हणून नुसतं विचारलं, “सगळं ठीक ना घरी?”

“ठीक हाय,” बा म्हणाला. “तू सोडून सगळं हाय हितं.”